गाडीचे डोळे आले!

जुलै २०२३ मध्ये निम्म्या पुण्याचे डोळे आले होते. ऑफिसातली अर्धी टीम काळे गॉगल लावून झूमवर, मेडिकलवाल्याकडचे ड्रॉप्स संपलेले, आणि समोरचा बोलायला लागला की आपण छताकडे बघायचं. त्याच आठवड्यात माझ्या गाडीचेही डोळे आले.

सांगतो. आमच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये रोज संध्याकाळी एक फुकट शो असतो. मी गाडी सुरू करतो. समोरच्या भिंतीवर प्रकाशाचे दोन पांढरेशुभ्र पट्टे उमटतात, आधी खाली मान घालतात, मग वर येतात, मग डावीकडे-उजवीकडे बघून मधोमध स्थिरावतात. बी विंगमधली दोन कार्टी हा शो बघायला सायकली थांबवतात. त्यांच्या लेखी मी कोण हे महत्त्वाचं नाही, मी 'डोळेवाल्या गाडीचे काका'.

गाडीचा ब्रँड सांगत नाही. सांगितला की लोक लगेच अ‍ॅव्हरेज विचारतात. जर्मन आहे, दोन दारांची आहे, २०१२ची आहे आणि माझ्या आधी तिला दोन मालक झाले. २०२१ मध्ये, घरात बसून बसून डोकं फिरलेलं असताना, मी ती घेतली. नवी असती तर फक्त शेजारी उभा राहून फोटो काढला असता. बायकोचं मत होतं की एवढ्या पैशात माणूस दापोलीला जागा घेतो. ते मत अजून तसंच आहे.

तर त्या संध्याकाळी गाडी सुरू केली, पट्टे खाली गेले आणि खालीच राहिले. डॅशबोर्डवर पिवळा दिवा, त्याखाली इंग्रजीत सभ्य भाषेत सूचना: अ‍ॅडाप्टिव्ह लाइट तपासून घ्या. सायकलवाल्या कार्टीने निदान केलं, "काका, गाडी झोपली." मी गाडी बंद केली, दहा आकडे मोजले, पुन्हा सुरू केली. सगळं ओके! आम्हा आयटीवाल्यांचा हा सनातन उपाय. कळ काढली की निम्मे आजार पळतात.

हा पळाला नाही. लपला.

डेंटिस्टच्या खुर्चीतला दात

सतत असणारा बिघाड हा सज्जन बिघाड. तो दिसतो, सापडतो, दुरुस्त होतो. अधूनमधून येणारा बिघाड म्हणजे आठ दिवस ठणकणारा दात. डेंटिस्टच्या खुर्चीत बसलं की एकदम गप्प. मी पुढच्या महिन्यात दोनदा गाडी दाखवायला नेली आणि दोन्ही वेळा तिने तिथे असा काही डान्स केला, की सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने माझ्याकडेच संशयाने पाहिलं.

मग आला ऑगस्ट. दिवेआगरहून आम्ही दोघं परत येत होतो. माणगावला चहा घेईपर्यंत अंधार पडला आणि ताम्हिणीच्या चढाला पाऊस लागला. ताम्हिणीचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना वर्णन नको, ज्यांनी नाही पाहिला त्यांना पटणार नाही. रस्त्याला दिवे नाहीत, धुकं बॉनेटवर बसलेलं. अशा ठिकाणी ही गाडी खरी कळते. स्टिअरिंग वळवलं की प्रकाश आधी वळणात शिरतो, आपण त्याच्या मागोमाग जातो. सॉलिड फील असतो.

एका डाव्या वळणावर चाक खड्ड्यात आपटलं आणि प्रकाश पडला. म्हणजे विझला नाही, अक्षरशः खाली पडला, हातातली बॅटरी खाली झुकवावी तसा. बॉनेटपुढे एक उजळ तुकडा आणि त्यापलीकडे काही नाही. मी ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत त्या तुकड्यात एक स्कूटर आली. टेल लाइट नसलेली. मागे बसलेल्या बाईने डोक्यावरून प्लॅस्टिकचा कागद घेतलेला, त्याचं टोक फडफडत होतं. एबीएस कडकडलं, गाडी थांबली. मधे किती अंतर उरलं होतं ते मी मोजलं नाही, पण त्या कागदावरची खताच्या कंपनीची छपाई मला वाचता आली. स्कूटरवाल्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्यांना काही कळलंच नव्हतं.

बायको एवढंच म्हणाली, "बाजूला घे."

पाच मिनिटं आम्ही तसेच बसलो. मग गाडी बंद-चालू केली आणि दिवे नेहमीसारखे नाचून सरळ झाले. त्याचा मला जास्त राग आला.

दिव्याला सांगतं कोण?

थोडा फंडा क्लिअर करून घेऊ, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही.

वळणारा दिवा ही काही आजची आयडिया नाही. १९४८च्या टकर गाडीला मधोमध तिसरा दिवा होता, तो स्टिअरिंगबरोबर वळायचा. अशा जेमतेम ५१ गाड्या बनल्या. १९६७ मध्ये सिट्रोएन डीएसला काचेमागे वळणारे दिवे आले, तेही तारा आणि दांड्यांच्या जोरावर. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. बिघडलं तर पान्याने आवळायचं.

आता स्टिअरिंग आणि दिवा यांच्यात थेट नातं नाही. स्टिअरिंग किती वळलंय हे एक सेन्सर सांगतो. वेग एबीएसकडून कळतो. गाडी जागच्या जागी किती फिरतेय हे आणखी एक सेन्सर सांगतो. आणि पुढच्या व मागच्या सस्पेन्शनला बोटाएवढी दांडी असलेले छोटे सेन्सर असतात, ते सांगतात गाडी किती बसलीय, किती उचललीय. हा सगळा मसाला एका कंट्रोल युनिटकडे जातो. ते दिव्यातल्या दोन बारक्या मोटर्सना हुकूम सोडतं. एक मोटर दिवा आडवा वळवते, साधारण १५ अंशांपर्यंत. दुसरी वर-खाली करते. गाडी सुरू करताना जो डान्स दिसतो तो नखरा नसतो. आपण नेमके कुठे आहोत हे मोटर्स त्या वेळी तपासून घेतात.

वर-खालीचं एवढं कौतुक कशाला? कारण माझ्या गाडीचे दिवे झेनॉनचे आहेत. झेनॉन पहिल्यांदा १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये आला. साधा हॅलोजन बल्ब ५५ वॅट खाऊन जेवढा प्रकाश देतो, त्याच्या दुपटीने हा ३५ वॅटमध्ये देतो. युरोपचा नियम असा की डिपरच्या बल्बचा प्रकाश २००० ल्यूमेनच्या वर असला, की दिव्याची पातळी आपोआप जुळलीच पाहिजे. मागच्या सीटवर दोन पाहुणे बसले, डिकीत बॅगा टाकल्या, गाडीचं नाक वर झालं, की समोरच्याच्या डोळ्यात सुऱ्या. दिवा फक्त एक अंश वर गेला तर ५० मीटरवर प्रकाशाची कड ८७ सेंटिमीटर चढते. म्हणजे जवळजवळ समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यापर्यंत.

म्हणून यातली एखादी माहिती संशयास्पद वाटली की कंट्रोल युनिट जोखीम घेत नाही. दिवे सरळ करतं आणि खाली पाडतं. समोरच्याला त्रास नको! विचार थोर आहे. पण गणित बघा. रस्त्यापासून ६५ सेंटिमीटरवर असलेला दिवा नेहमीसारखा एक टक्का खाली झुकलेला असला, तर प्रकाश ६५ मीटरपर्यंत पोहोचतो. तीन टक्के झुकवला की जेमतेम २०-२२ मीटर. आणि ताशी ४५च्या वेगाने गाडी सेकंदाला साडेबारा मीटर जाते. तुम्हाला दिसून, कळून, पाय ब्रेकवर जाईपर्यंत निम्म्याहून जास्त प्रकाश संपलेला असतो. ओला रस्ता वेगळाच.

तीन लाख चाळीस हजार

सर्व्हिस सेंटरचं नाव सोडून देऊ. कॉफी उत्तम होती. तिसऱ्या वेळी मी डॅशबोर्डचा फोटो काढून नेला होता, त्यामुळे माझ्यावर विश्वास बसला. कॉम्प्युटर लावला, जुने एरर पुसले (हे पाप आहे, का ते पुढे येईल) आणि अ‍ॅडव्हायझरने डाव्या दिव्याच्या काचेत आतून धरलेलं दव बोटाने दाखवलं. "सर, मॉइश्चर गेलंय. पूर्ण असेंब्ली चेंज." एस्टिमेट: तीन लाख चाळीस हजार. एका दिव्याचं. उजवाही बदलून घेतला तर 'प्रकाश मॅच होईल' असा प्रेमळ सल्ला वर.

एवढ्यात एक बरी सेकंडहँड हॅचबॅक येते. दोन्ही दिव्यांसकट.

मी "विचार करून सांगतो" म्हणालो आणि घरी येऊन विचार न करता खर्च करायला सुरुवात केली. आधी बॅटरी. कुणीतरी सांगितलं, व्होल्टेज पडलं की जर्मन गाड्या वेड्यासारखं करतात. खरं आहे ते. नवी बॅटरी टाकली. ती टाकल्यावर स्टिअरिंगचा सेन्सर आपलं शून्य विसरला, म्हणून आणखी एक पिवळा दिवा लागला. तो स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून घालवला. मग बल्ब. जोडीने. इथे एक सावधगिरी: झेनॉनचा बल्ब पेटताना त्याला वीस हजारांच्या वर व्होल्ट लागतात. गूगल बघून, पान्हा घेऊन, दिवा चालू ठेवून त्यात हात घालायचा हा प्रकार नाही. मी घातला नाही, पण घालणार होतो.

प्रकाश छान पांढरा झाला. चार दिवसांनी पुन्हा पडला.

शेवटी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. मोबाइलमध्ये एक फाइल उघडली. तारीख, वार, वेळ, हवा, वेग, पेट्रोल किती, गाडीत कोण. ऑफिसात एखादा बग असा अधूनमधून आला तर आम्ही पहिलं लॉग मागतो. स्वतःच्या गाडीला मात्र मी दोन महिने नुसता शिव्या देत होतो. नोव्हेंबरपर्यंत अकरा नोंदी झाल्या. आठ पावसातल्या. तीन मात्र एकदम कोरड्या, कडक उन्हाच्या. बायकोने फाइल पाहिली आणि चहा ढवळत म्हणाली, "हे तिन्ही शनिवार आहेत."

"मग?"

"शनिवारी तू ती धुवायला नेतोस."

वॉशिंग सेंटरला. खालून, प्रेशरने. म्हणजे दोष पाण्याचा, हे नक्की झालं. कुठे शिरणाऱ्या पाण्याचा, हे नाही. आणि मी थकलो होतो. त्या रात्री मी गाडीचे फोटो काढले आणि विकायची जाहिरात टाकली.

कोरडा रविवार

आता जे सांगतोय ते सांगायला मजा येत नाही.

डिसेंबरमध्ये एक मुलगा गाडी बघायला आला. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल, मूळ साताऱ्याचा, हिंजवडीत नोकरी. स्वतःच्या पैशाची पहिली मोठी गाडी. दाराला हात लावण्याआधी त्याने तो पँटला पुसला, यावरून मला कळलं की गाडी गेली. त्या आठवड्यात मी गाडी धुवायला नेली नव्हती. ओल्या फडक्याने पुसली होती फक्त. मुद्दाम. बेसमेंटमध्ये स्टार्ट केली, पट्टे खाली, वर, डावीकडे, उजवीकडे. शो हाउसफुल्ल. "सर, इलेक्ट्रिकल काही इश्यू?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

त्याने तिथल्या तिथे पंचवीस हजार टोकन टाकलं. जाता जाता म्हणाला, डिलिव्हरी घेतली की रात्रीच निघणार, सकाळी आईवडिलांच्या दारात गाडी उभी करायची. म्हणजे रात्रीचा खंबाटकी. हवा कोरडी होती, पाऊस सहा महिने लांब होता, त्याला काही होणार नव्हतं. हे मी स्वतःला रात्री अकरापर्यंत समजावलं. साडेअकराला मला तो प्लॅस्टिकचा कागद आठवला, खताच्या छपाईचा, आणि मी फोन केला.

सगळं सांगितलं. ताम्हिणी, फाइल, शनिवार, ओलं फडकं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, टोकन परत करा." केलं. 'थँक यू' वगैरे काही आलं नाही, आणि का यावं?

बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आधी सांगायचं होतंस." मला नाही कळलं, त्याला की तिला. विचारलं नाही.

मामा, भाचा आणि इस्त्रीची बाटली

जाहिरात काढली. पुढच्या शनिवारी वॉशिंग सेंटरवरच्या पोराला म्हटलं, खालून पाणी मारू नको, दिवे बिघडतात. तो म्हणाला, "मग मामाकडं न्या की, नाना पेठेत."

पुण्यात गाडीचा सुटा भाग हवा असेल तर नाना पेठ, हे मला कॉलेजपासून माहीत. पण ही गाडी तिथे? माझ्यातला स्नॉब खोकला. मामांचं दुकान म्हणजे एक शटर, दोन स्टुलं आणि भिंतीवर साठएक वायरींची भेंडोळी. गल्लीत गाडी वळवताना मलाच घाम फुटला. मामा साठीचे, जातिवंत वायरमन, चष्मा दोरीने गळ्यात. सोबत भाचा, ज्याच्याकडे लॅपटॉप आणि या ब्रँडचं खास सॉफ्टवेअर. तुम्ही आम्ही ऑनलाइन घेतो तो हजार रुपयांचा स्कॅनर बहुतेकदा इंजिनचे एरर वाचून थांबतो. दिव्याचे एरर वेगळ्या कप्प्यात असतात, तिथे जायला योग्य किल्ली लागते.

मी तीन लाख चाळीस हजारांचा कागद पुढे केला. मामांनी तो उलटा करून मागची बाजू बघितली, मग परत दिला. "साहेब, दिवा बदलून काय व्हतंय? दिव्याला सांगणारा येडा झालाय."

"कशावरून?"

उत्तर तोंडी आलं नाही. माझ्या गाडीत दोन्ही दिव्यांखालची मोटर चालवणारी मॉड्यूल्स सारखीच आहेत. (सगळ्या गाड्यांत असतील असं नाही, आधी बघून घ्या.) मामांनी डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे लावलं आणि मला म्हणाले, चार दिवस फिरवा, शनिवारी धुऊन आणा. दोष डाव्या मॉड्यूलचा असता तर एरर उजवीकडे सरकला असता. शनिवारी दिवे पडले आणि भाच्याने एरर वाचला. तो दिव्याचा नव्हताच. मागच्या डाव्या लेव्हल सेन्सरकडून येणारा सिग्नल पटण्याजोगा नाही, अधूनमधून. असं वाक्य. सोबत त्या क्षणाचा वेग, किलोमीटर आणि व्होल्टेज. व्होल्टेज १४.१, म्हणजे बॅटरी बिचारी निर्दोष होती. जुनीही निर्दोषच असणार. ही सगळी नोंद आधीही गाडीत असणार, पण ती वाचण्याऐवजी पुसली गेली होती. म्हणून म्हटलं, पाप.

"म्हणजे सेन्सर गेला?" मी विचारलं.

"थांबा जरा." मामांनी समोरच्या इस्त्रीवाल्याला हाक मारली आणि त्याच्याकडची पाणी उडवायची बाटली मागून घेतली.

गाडी लिफ्टवर. दिवे चालू, प्रकाश समोरच्या गोदामाच्या भिंतीवर. भाचा लॅपटॉपवर सेन्सरचा आकडा मोठ्याने वाचतोय, रेडिओवरच्या बाजारभावासारखा. मामा आधी पुढच्या दिव्यांच्या कपलरवर फवारतात. "दोन पॉइंट चार... दोन पॉइंट चार..." पुढच्या सेन्सरवर. "दोन पॉइंट चार..." मग मागे, डाव्या चाकाच्या आत. फुस्स. फुस्स. "दोन पॉइंट चार... दोन पॉइंट चार..." मामांनी दोन बोटांनी वायर किंचित हलवली. "पॉइंट दोन!" भाचा ओरडला आणि भिंतीवरचा प्रकाश धप्पकन खाली आला.

माझ्या अंगावर काटा आला. पाच महिने जे मला एकट्यालाच दिसत होतं, ते भर दुपारी, चार माणसांसमोर, हुकमी झालं होतं.

भाच्याने समजावलं ते असं. या सेन्सरला पाच व्होल्टचा पुरवठा असतो. तो उत्तर देतो अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंत. दोन्ही टोकांना जागा मुद्दाम मोकळी सोडलेली असते. उत्तर शून्याजवळ किंवा पाचाजवळ आलं, की युनिटला कळतं की गाडी खरोखर एवढी बसलेली नाही, वायर तुटलीय किंवा कुठेतरी चिकटलीय. आमचा पॉइंट दोन हा त्या मोकळ्या जागेतला.

कपलर उघडला. आतलं रबरी सील एका बाजूने फाटलेलं आणि पितळी पिना हिरव्यागार. आजीच्या फडताळात मागे राहिलेल्या पितळेच्या वाटीसारखं कळकलेलं. मला वाटलं, पिना घासल्या की झालं. मामांनी वायरचं वेष्टण सोलायला सुरुवात केली. तांबं काळं. आणखी सोललं. काळं. पाणी एकदा वायरीत शिरलं की बारीक तारांमधून वातीसारखं चढत जातं. वीतभर गेल्यावर कुठे लखलखीत तांबं लागलं. तिथे कापलं. नवा कपलर गल्लीतच मिळाला. नवी वायर, डाग दिला, आतून चिकट असलेली स्लीव्ह गरम करून बसवली, आणि वायर कपलरच्या खाली एक झोल देऊन बांधली, पाणी खाली ठिबकावं म्हणून. सेन्सर? ठणठणीत. तोच ठेवला.

मी पाकीट काढलं तर मामा म्हणाले, "अजून झालं न्हाई."

भिंत, फूटपट्टी आणि फुल टँक

घाई असणारा माणूस इथे चुकतो. मी चुकलोच असतो. सेन्सरची वायर बदलली, दिवे सरळ झाले, चला. पण सरळ म्हणजे कशाच्या सरळ? कंट्रोल युनिटला नवीन शून्य शिकवावं लागतं. त्यासाठी मामांनी मला पेट्रोल फुल करून, चारही टायरची हवा बरोबर करून बोलावलं. गोदामाची फरशी सपाट होती. भिंतीपासून दहा मीटरवर गाडी, ड्रायव्हरच्या सीटवर मी, "पोट आत घेऊ नका, जसे हाय तसे बसा." दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखली आणि त्याच्या दहा सेंटिमीटर खाली दुसरी रेघ. प्रकाशाची वरची कड त्या दुसऱ्या रेघेवर आली पाहिजे. दहा मीटरला दहा सेंटिमीटर, म्हणजे एक टक्का. आणि ती कड डावीकडे थोडी वर चढलेली हवी, कारण आपण डावीकडून चालतो. पादचारी, सायकलवाला, पाटी तिकडे असते.

दुबईहून स्वस्तात मागवलेला जुना दिवा इथेच घात करतो. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे कड उजवीकडे चढते. आपल्याकडे ती थेट समोरून येणाऱ्याच्या तोंडावर. मीही महिनाभर असा एक दिवा शोधत होतो, हे मामांना सांगितलं नाही.

बिल तीन हजार आठशे. इस्त्रीवाल्याची बाटली मी विकत घेतली, ते तीस रुपये वेगळे.

२०२४चा पावसाळा अख्खा गेला. फाइलमध्ये बारावी नोंद नाही. जूनमध्ये मी मुद्दाम ताम्हिणी केली, एकट्याने, दिवसा आधी आणि मग रात्री. त्या वळणाला आपोआप पाय ब्रेकवर गेला. खड्डा बुजवला होता, शेजारी दुसरा तयार होता. काचेतलं दव? ते अजून आहे. पाऊस लागला की धरतं, दिवे तापले की जातं.

नोव्हेंबरमध्ये एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. 'सर, एक गाडी बघतोय. बावधनला आहे. रविवारी वेळ आहे का?' अनोळखी नव्हताच, मीच तो पुसला होता. साताऱ्याचा मुलगा.

गेलो. निळी, चार दारांची, माझ्यापेक्षा चार वर्षं तरुण. मालक हसतमुख. अंधार पडेपर्यंत आम्ही इंजिन, टायर, कागदपत्रं बघत टाइमपास केला. मग त्याला गाडी कंपाउंडच्या भिंतीसमोर लावायला सांगितली. स्टार्ट. पट्टे खाली गेले, वर आले, डावीकडे, उजवीकडे, मधोमध.

"बघा! एकदम ओके आहे," मालक म्हणाला. "इलेक्ट्रिकलचा काही म्हणजे काही इश्यू नाही."

मुलाने माझ्याकडे बघितलं. मी बॅगेतून बाटली काढली.

"हे काय?" मालकाने विचारलं.

"पाणी आहे," मी म्हणालो, आणि मागच्या चाकापाशी गुडघे टेकले.